अर्जंट मदत हवी

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या या ताईंचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. दुकानात तर असायचाच, पण दुरुस्तीवाल्यांच्या त्या ऑनलाइन चर्चामंचावरही असायचा. कुणी नवखा काही विचारायला आला रे आला, की ताईंचं उत्तर तयार: 'यावर आधीच चर्चा झाली आहे. शोधा म्हणजे सापडेल.' मागच्याच आठवड्यात एका निवृत्त पोस्टमनना त्यांनी असं फटकारलं होतं. बिचारे 'बरं ताई' म्हणून गप्प बसले.

आणि आता बघा, त्याच ताई सकाळपासून शोधत बसल्या होत्या!

झालं असं, की समोरच्या इमारतीत शिवणकाम करणाऱ्या मावशींची मशीन टाके सोडायला लागली. दवाखान्याचे साठ झगे उद्या सकाळी द्यायचे होते आणि शिवून झाले होते जेमतेम चाळीस. "वेळेत गेले नाहीत तर काम दुसरीकडे जाईल गं," मावशी म्हणाल्या, "आणि एकदा गेलेलं काम काही परत येत नाही." ताईंनी सुई बदलली, खालच्या दोऱ्याचं शटल साफ केलं, दोऱ्याचा ताण बघितला. टाके सुटतच होते. सुई ज्या दांडीला बसते ती दांडी खाली सरकली होती, हे उघड होतं. पण वर घ्यायची तर नेमकी किती? त्यासाठी दांडीवर खूण असते, आणि इथे खूणच दिसेना. असली मशीन अकरा वर्षांपूर्वी एकदाच त्यांच्या हाताखालून गेली होती. तेव्हा मंचावरच्या टोपीवाल्या काकांनी काहीतरी युक्ती सांगितली होती. काय, ते काही केल्या आठवेना. काकांना विचारावं तर ते चार वर्षांपूर्वीच गेले. त्यांच्या मुलीने मंचावर कळवलं होतं.

ताईंनी 'टाके सुटतात' असं शोधलं. बाराशे पोस्ट! 'सुईची दांडी' शोधलं तर एकच पोस्ट, तीही पडद्याच्या दांडीची. काकांच्या नावावर गेलं तर फक्त शेवटची पन्नास उत्तरं दिसायची. आणि मंचावरच्या चर्चेच्या धाग्यांना नावं तरी काय? ज्याला त्याला एकच सुचलेलं: 'अर्जंट मदत हवी'.

"अरे, कसली मदत ते तरी लिहा की गाढवांनो!" ताई स्क्रीनवर खेकसल्या. मशीन दुकानात आणून स्टुलावर बसलेल्या मावशी दचकल्या.

दुपारी ताईंनी नाक मुठीत धरून मंचावर प्रश्न टाकला. दहा मिनिटांत कुणीतरी लिहिलंच, 'ताई, आधी शोधा ना!' ताईंचे कान लाल झाले. मग पोस्टमनचं उत्तर आलं. 'ताई, तुम्ही शोधायला सांगितलंत म्हणून मी पहिल्या पानापासून सगळं वाचत आलोय. आयुष्यभर अर्धवट पत्त्यांची पत्रं पोचवली, मला कंटाळा येत नाही. हे घ्या तुमचं.' खाली लिंक.

ताईंनी धागा उघडला. नाव: 'अर्जंट मदत हवी'. विचारणाऱ्या खुद्द ताईच!

"घ्या!" ताई कपाळावर हात मारत म्हणाल्या. "गाढवांत मीही आहे."

काकांनी लिहिलं होतं, 'पोरी, खूण दांडीच्या मागच्या बाजूला आहे, डोळ्यांना दिसायची नाही. दांडी पुसून घे आणि नखाने चाचपून बघ. नख अडेल तिथवर वर घे. जमलं की कळव.'

नख अडलं. मशीन सरळ टाके घालायला लागली. मावशींनी ताईंचा हात घट्ट धरला. दोघींनी मिळून मशीन समोरच्या घरात नेऊन ठेवली.

परत येऊन ताई धागा बंद करणार, तोच खाली काकांच्याच आणखी दोन पोस्ट दिसल्या. दोन दिवसांनंतरची: 'पोरी, सापडली का खूण?' आठवड्यानंतरची: 'जमलं नसेल तर लाजू नकोस, परत विचार.' पुढे काही नव्हतं. त्या वेळी काम झालं आणि ताई दुसऱ्या मशीनला लागल्या होत्या. नवरा गेल्यावर त्याचं दुकान हाती आलं, तेव्हा स्क्रू कुठल्या बाजूला पिळायचा इथपासून ज्या माणसाने शिकवलं, त्याला साधं 'जमलं' कळवायचं राहिलं होतं. ताईंना रडू आवरेना.

समोरून मावशींच्या मशीनचा आवाज येत होता. ताईंनी आधी पोस्टमनचे मनापासून आभार मानले. मग धाग्याचं नाव बदललं: 'सुईच्या दांडीची खूण मागच्या बाजूला असते'. आणि सगळ्यात खाली लिहिलं, 'काका, खूण सापडली. तेव्हाही सापडली होती.'