बसलिंगाप्पाच्या हातातली दोरी

गेल्या उन्हाळ्यात शिरोळच्या अलीकडे, कृष्णेच्या काठावर एक फ्लेक्स लागला होता. ‘जिगरबाज बसलिंगाप्पा’. आपल्याकडे म्हशीला रेडकू झालं तरी फ्लेक्स लागतो, त्यामुळे मी वाचून पुढे गेलो असतो. पण फ्लेक्सवरचा माणूस माझा शेजारी. डोक्यावर फेटा, आणि चेहरा मात्र चुकून दुसऱ्याच्या रांगेत उभा राहिल्यासारखा.

बसलिंगाप्पानं सोळा वर्षं वाळूच्या बोटीवर काम केलं, तेही पाण्याखाली. बोट म्हणजे पिंपांवर बांधलेला तराफा, वर डिझेलचं इंजिन आणि पंप. पंपाचा जाड पाइप नदीच्या तळाशी जातो आणि पाण्यासकट वाळू-गोटे ओढून घेतो. वर जाळीवर गोटे अडकतात, वाळू खाली साठते, पाणी परत नदीत पडतं. पाइपाला काही डोळे नसतात. त्याचं तोंड वाळूत दाबून धरायला तळाशी माणूस लागतोच. त्याच्या तोंडात हवेची नळी, कमरेला दोरी. बोलायची सोय नाही. दोरीला दोन हिसके बसले, की वरच्यानं ओढून घ्यायचं. एवढीच भाषा.

तो थरथरता पाइप धरून धरून त्याच्या हातांतला जीव गेला. आधी बोटं पांढरी पडायची, मग मुंग्या यायच्या, मग कोपरापर्यंत काहीच कळेनासं झालं. शर्टाची बटणं बायको, शांतादेवी, लावायची. ती या दुखण्याला वात म्हणायची आणि तेल चोळायची. वय झालं म्हणून मालकानं त्याला वर घेतलं आणि हलकं काम दिलं, दोरी धरायचं. त्याच्या जागी खाली उतरू लागला शांतादेवीचा भाऊ, अमरेश.

इथं मला बसलिंगाप्पाचा राग येतो. हाताला कळत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. पण सांगितलं असतं तर बोटीवर दुसरं काम नव्हतं, आणि बोटीशिवाय त्यानं जन्मात काही केलेलं नव्हतं. मग त्यानं डोळ्यांवर भागवायचं ठरवलं. दिवसभर दोरीकडे टक लावून बसायचा.

“नीट धरताय न्हवं?” शांतादेवी रोज विचारायची.

“धरतोय की.”

एप्रिलमधल्या एका दुपारी जाळीत मोठा गोटा अडकला. जाळीवरच्या केरबाला तो एकट्यानं हलेना. बसलिंगाप्पानं दोरी न सोडता मान वळवली आणि पायानं गोटा ढकलून दिला. गोटा निघाला, तरी वाळू येईना. पाइपातून नुसतं नितळ पाणी पडत होतं. पाइपाचं तोंड वाळूतून सुटलं, तरच असं पाणी येतं. म्हणजे खालच्या माणसानं हात सोडलेला. त्यानं दोरीकडे बघितलं. ती त्याच्या मुठीत ताडताड उडत होती आणि मुठीला पत्ताच नव्हता.

त्यानं आणि केरबानं मिळून ओढलं. खड्ड्याची कड ढासळून अमरेश छातीपर्यंत वाळूत गाडला गेला होता. नळी तोंडात राहिली म्हणून जगला.

गावानं एवढंच बघितलं, की दाजीनं मेहुण्याला वाचवलं. मग शाल, नारळ, फेटा. सत्काराच्या वेळी काय वाटलं, असं मी विचारलं. “काय वाटलं न्हाय,” म्हणाला. मी त्याला विनय समजलो. माझाही मूर्खपणाच. तो खरं तेच सांगत होता. जेवण, झोप, बायकोचं रडणं, सगळं त्याच्यापासून हातभर लांबून चाललं होतं. भीती नाही, आनंद नाही. नुसता बसून असायचा.

आठवड्यानं बोट पुन्हा सुरू व्हायची होती. पुढचं मला केरबानं सांगितलं. त्याचं हे नुसतं बसून राहणं बघून मालक दोरी दुसऱ्याला देणार होता, पण अमरेश अडून बसला. “दाजी धरत असतील तरच उतरतो.” त्यानं कमरेला गाठ मारली आणि दोरीचं टोक बसलिंगाप्पापुढे धरलं.

बसलिंगाप्पानं ते घेतलं नाही.

“माझ्या हाताला कळत न्हाय, अमरेश.”

“काय कळत न्हाय?”

“कायबी. दोन वर्सं झाली.”

अमरेश हसला. “मग त्या दिवशी कसं वढलासा?”

“नितळ पाणी दिसलं म्हणून. दोरीचं कळलंच न्हवतं मला.”

अमरेशचं हसू गेलं. मग बसलिंगाप्पानंच विचारलं, “खालनं किती येळा वढलंस?”

“मोजलं न्हाय, दाजी,” अमरेश म्हणाला. “मला वाटलं, माझाच जोर कमी पडतोय.”