गोदूबाईंना सुई चालत नाही

मिरकरवाड्याच्या धक्क्यावर मासे विकणारीला ‘ताजा आहे का?’ असं विचारणं ही काही माहिती मागण्याची रीत नव्हे. ती रामराम म्हणण्याची रीत आहे. उत्तर ठरलेलं असतं, ‘आत्ता बोटीतून उतरलाय बघ.’ मासा परवाचा असला तरी बोटीतूनच उतरलेला असतो, त्यामुळे यात खोटेपणा कोणी धरत नाही. मात्र गिऱ्हाईक ‘कल्ला दाखव’ म्हणालं की बोलणं संपतं. माशाचा कल्ला उघडून आत लाल आहे की काळपट, ते दाखवायचंच. तोंडाने काहीही बोलायची मुभा आहे, कल्ला झाकायची नाही. कल्ला झाकणारीकडे दुसऱ्या दिवसापासून मांजरसुद्धा फिरकत नाही.

गोदूबाईंनी सारा जन्म याच कायद्याखाली काढला. सुरमईच्या तुकड्या पाडाव्यात तर त्यांनीच. एकीपेक्षा दुसरी जाड निघाली, तर तो सुरमईचा दोष.

अशा बाईच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अडकू लागलं. मूठ मिटली की बाकीची बोटं उघडत आणि हे तसंच वाकलेलं राही. डाव्या हाताने ओढलं की ‘टक्’ असा आवाज करून सुटे. पुढे पुढे ते आवाजही करीनासं झालं. एका सकाळी तुकड्या पाडून झाल्या आणि बोट कोयत्याच्या मुठीभोवतीच बसलं. डाव्या हातात टोपली असल्यामुळे गोदूबाई तशाच, कोयत्यासकट, चहाला गेल्या. वाटेत लोकांनी फार अदबीने जागा दिली. चहावाल्याने न मागता दोन कप पुढे केले. पापलेटाच्या भावावरून हुज्जत घालत मागोमाग आलेल्या एका गिऱ्हाइकाने गोदूबाईंनी सांगितला तो भाव कबूल केला.

हा सुखाचा काळ टिकला नाही. बोट दुखू लागलं, तुकड्या वाकड्या पडू लागल्या आणि सून मनिषा म्हणाली, “आत्या, तुम्ही बसा. मी कापते.” गोदूबाई सुनेला पाटल्या द्यायला तयार होत्या. धक्क्यावरची जागा द्यायला नव्हत्या.

“डॉक्टरकडे चला मग,” मनिषा म्हणाली.

“मला सुई चालत नाय.”

ही गोष्ट सगळ्या वाड्याला माहीत होती. पूर्वी कधीतरी दाताच्या डॉक्टरने हिरडीत भुलीची सुई दिली, तेव्हा गोदूबाईंची छाती धडधडली आणि डोळ्यांपुढे काळोख आला. तेव्हापासून त्यांनी भूल घेतली नव्हती. मध्यंतरी पायाला जखम झाली, तिला टाकेही तसेच घातले. त्या वेळचा आवाज बर्फाच्या कारखान्यात ऐकू गेला होता आणि कामगार जेवणाची सुट्टी झाली समजून बाहेर आले होते.

शेवटी मनिषाने त्यांना डॉक्टर दमयंतींकडे नेलं. हाताची ऑपरेशनं करणाऱ्या या बाई गोदूबाईंच्या जुन्या गिऱ्हाईक. बोट बघून त्या म्हणाल्या, “मावशी, बोट ओढणारी दोरी जिथून सरकते ते वेढणं घट्ट झालंय. तळहातावर बारीक चीर देऊन सैल करू. झोपवणार नाही, फक्त तेवढी जागा बधिर करायची. लिग्नोकेन म्हणून औषध आहे. तुम्ही जाग्याच राहायचं, बोट हलवून दाखवायचं.”

गोदूबाईंनी वाटेतच ठरवलं होतं की सुईची हकीकत सांगायची नाही. सांगितली तर डॉक्टरीण घरी पाठवणार आणि जागा मनिषाला जाणार. मेलो तरी धक्क्यावरची बाई म्हणून मरू, असा सरळ हिशेब.

“वजन किती?”

“पन्नास.”

“काट्यावर उभ्या राहा.”

काट्याने एकोणसत्तर सांगितलं. गोदूबाईंनी खाली वाकून काट्याकडे पाहिलं. “तुमचा काटा मारतो गो बाय.”

“काटा बरोबर आहे. हे औषध किती द्यायचं याला मर्यादा असते आणि ती वजनावर ठरते. आपल्याला थोडंच लागेल. तरी मी भावात चूक करीन, मापात नाही. हृदयाचा काही त्रास?”

“नाय.”

“रोजच्या गोळ्या?”

“नाय.”

“पूर्वी सुईने, भुलीने काही झालं होतं?”

“छ्या. कसलंच नाय.”

डॉक्टर दमयंतींनी पेन खाली ठेवलं. गोदूबाई ‘कसलाच वास नाय’ म्हणाल्या की तो मासा घ्यायचा नसतो, एवढं त्या इतक्या वर्षांत शिकल्या होत्या.

“मावशी,” त्या म्हणाल्या, “कल्ला दाखवा.”

मनिषा छताकडे बघू लागली. गोदूबाईंनी पदर सारखा केला, खिडकीतून समुद्र दिसतो का पाहिलं. तो दिसत नव्हता. मग दाताची सगळी गोष्ट सांगितली.

“अंगावर गांधी उठल्या? ओठ सुजले? श्वास कोंडला?”

“नाय. हे ‘नाय’ मात्र खरं हाय.”

“सकाळी काय खाल्लं होतं?”

“संकष्टी होती.”

“आणि काळोख कधी आला, सुईच्या आधी की नंतर?”

गोदूबाईंनी आठवून पाहिलं. “सुई दिसली, तेव्हाच यायला लागला होता.”

“पुढे दात काढला?”

“काढला की. शुद्धीवर आले, तर तोंड बधिर. काढलेला कळलासुद्धा नाय.”

“म्हणजे औषध चाललं होतं. चाललं नव्हतं ते उपाशी पोट आणि भीती. दाताच्या भुलीत रक्त कमी यावं म्हणून कधीकधी दुसरं औषध घालतात, त्यानेही छाती धडधडते. खरी अ‍ॅलर्जी फार क्वचित असते. पण हे मी तुम्ही सांगितल्यावर ठरवतेय. नुसतं ‘नाय’ ऐकून सुई दिली असती आणि खरंच काही निघालं असतं तर?”

“आणि बीपीची गोळी पण आहे,” मनिषा छताला म्हणाली. “त्या आठवलं की घेतात.”

“घरभेदी,” गोदूबाई म्हणाल्या.

बीपी मोजलं. यंत्र बराच वेळ फुगत राहिलं. डॉक्टरीणबाईंनी गोळी रोज घ्यायला लावून पंधरा दिवसांनी बोलावलं. त्या दिवशी पोटात पेज घालूनच गोदूबाई टेबलावर आडव्या झाल्या. डाव्या बोटाला नाडीचा चिमटा लागला. उजव्या तळहातात सुई गेली, चरचरली. डॉक्टरीणबाई पिचकारीचा दट्ट्या जरा मागे ओढून रक्त येत नाही ना बघत आणि औषध हळूहळू सोडत.

“कानात आवाज, जिभेला मुंग्या, तोंडात लोखंडाची चव, काहीही वाटलं तर सांगा.”

गोदूबाईंनी आता काहीच झाकायचं नाही असं ठरवलं होतं. “नाकाला खाज येते. पाठीखाली चादर गोळा झालीय. ही नर्स माझ्याकडून बांगडे नेते आणि मोठे नाहीत म्हणून बोलते.”

“हे सोडून काही?”

“नाय. कल्ला लाल हाय.”

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “कापणार कधी?”

“कापून झालं. बोट मिटा. उघडा.”

बोट मिटलं आणि उघडलं. गोदूबाईंनी पुन्हा केलं. पुन्हा केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मावशी, टाके घालू दे.”

बाहेर आल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. बोट हलत होतं, पण आपलं वाटत नव्हतं. मनिषाने चिमटा काढला, कळला नाही. सुईचा भर उतरेपर्यंत गरम, धारदार काही धरायचं नाही असं बजावलं होतं. पट्टीतला तो हात मांडीवर ठेवून त्या रिक्षातून घरी आल्या. “परत नाय आला तर गो?” एवढंच दोनदा म्हणाल्या. हाताशिवाय गोदूबाई म्हणजे काय, हे त्यांना सांगता आलं नसतं, आणि विचारायची कोणाची छाती नव्हती.

दुपारी जेवणं उरकली. मनिषा भांडी घासत होती, एवढ्यात ओटीवरून हाक आली. भरलेली बोट बंदरात शिरताना देतात तशी.

“मनिषाऽऽ! दुखायला लागला गो! माझा हात दुखायला लागला!”

शेजारच्या दोन घरांतून बायका धावत आल्या. मनिषा पाणी आणि गोळी घेऊन आली. गोदूबाईंनी गोळी हातात घेतली, बघितली आणि बाजूला ठेवली.

“थांब जरा,” त्या म्हणाल्या. “थोडा वेळ दुखू दे.”