तिबेटी स्वेटर

बाबा गेले तेव्हा मी नेदरलँड्समधल्या आल्मेरेच्या घरात, जेवणाच्या टेबलाशी बसून, नागपूरचा घाट लॅपटॉपवर पाहिला. विमानं बंद होती. चुलतभावाने फोन हातात धरला होता, म्हणून चितासुद्धा हलताना दिसत होती. सगळं आटोपल्यावर मी लॅपटॉप मिटला आणि धुतलेले कपडे वाळत घातले. रडू आलं नाही. ते पुढेही बरेच दिवस आलं नाही.

कामही त्याच टेबलावर चालायचं. युट्रेख्टच्या एका छोट्या संस्थेत मी होते. भारतातल्या तिबेटी वसाहतींना मदत करायची, पण त्यांची संस्कृती जपून, असं आमचं ब्रीद. माझ्याकडे विदर्भातली एक वसाहत होती. तिथलं गालिचा केंद्र ज्या बाई बघत, त्यांचा जन्म तिथलाच. तिबेट त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मराठी मात्र आमच्याकडची, वाक्याला ‘जी’ लावून बोलायच्या. मी त्यांना मावशी म्हणायची आणि त्या, वयाने एवढ्या मोठ्या असून, मला ताई.

आदल्या वर्षी मावशींनी अहवालासाठी गोंपातल्या, म्हणजे वसाहतीच्या बौद्ध मठातल्या, दिव्यांचा फोटो पाठवला होता. मागे वनस्पती तुपाचा पिवळा डबा दिसत होता. आमचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त शिक्षक, मनाने खरंच चांगले. तरुणपणी हिमालयात चार आठवडे हिंडले होते, ते चार आठवडे अजून त्यांच्या अंगात होते. तिबेटी दिवा लोण्याचाच असतो, वाचणाऱ्यांना हा डबा खटकेल, असं त्यांनी सांगितलं आणि डबा कापून फोटो छापला. विदर्भाच्या उन्हाळ्यात लोणी किती वेळ लोणी राहतं, हे त्यांना कोण सांगणार? मावशींना सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या होत्या.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी हसण्यासारखं काही उरलं नाही. गालिच्यांना गिऱ्हाईक नव्हतं, विणलेले गोदामात पडून होते. थंडीत वसाहतीतली निम्मी माणसं शहरोशहरी जाऊन स्वेटर विकतात, वर्षाचं धान्य त्यावरच येतं. पण यंदा शहरांत बाजारच लागणार नव्हते. मावशींची मागणी साधी होती. दरवर्षी गालिच्यांसाठी पाठवता ती लोकर या वेळी आम्हाला नको. त्याच पैशात लुधियानाहून स्वेटर उचलू आणि मोटारसायकलवरून आसपासच्या खेड्यांत विकू. नाहीतर उन्हाळ्यापर्यंत घरं चालायची नाहीत.

ऑनलाइन बैठकीत मी हे मांडलं. अध्यक्ष अवघडले. देणगीदारांनी विणकाम टिकावं म्हणून पैसे दिलेत, म्हणाले. आणि मग हळूच, “पण स्वेटर काही तिबेटी नाहीत ना.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कित्येक दिवसांत आत काहीतरी हललं ते एवढंच. मी अंगातला मरून रंगाचा स्वेटर पुढे ओढून कॅमेऱ्याला दाखवला. मी इकडे यायला निघाले तेव्हा बाबांनी तो नागपूरच्या तिबेटी बाजारातून आणला होता. तिथे घासाघीस चालत नाही. बाबांनी तरी करून पाहिली होती आणि पुरा भाव देऊन आले होते. आमच्याकडे याला तिबेटी स्वेटरच म्हणतात, मी सांगितलं. तीन पिढ्या हेच विकतायत, मग हे त्यांचं नाही तर कुणाचं? अध्यक्षांनी रंगाचं कौतुक केलं. मग मतं घेतली गेली आणि नेहमीप्रमाणे लोकर पाठवायचं ठरलं. मी पेला विसळून पालथा घातला. राग कुठे गेला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींना फोन लावला. स्क्रीनवर त्या केंद्रातच बसल्या होत्या, मागे माग रिकामे. मी सरळ सांगून टाकलं: स्वेटरला नाही म्हणाले, लोकर येईल. माझा आवाज मलाच रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा वाटला.

“हाव जी, समजलं,” मावशी म्हणाल्या. लोकर कुठे ठेवायची ते बघावं लागेल, गोदामात जागा नाही, असंही म्हणाल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

फोन ठेवायचा म्हणून मी हात पुढे केला, तर म्हणाल्या, थांबा. बाबा गेल्यावर मी एक बैठक पुढे ढकलली होती, तेव्हा त्यांनी कारण विचारलं होतं आणि बाबांचं नावही विचारून घेतलं होतं. मी ते विसरूनही गेले होते. त्या फोन हातात घेऊन चालू लागल्या. अंगण, पायऱ्या, मग गोंपातला अंधार. रांगेतल्या एका दिव्यापुढे फोन थांबला. ज्या घरांत उन्हाळ्यापर्यंत काय शिजणार याचा पत्ता नव्हता, त्या घरांतल्या बायका, मावशींनी सांगितलं, तेव्हापासून आळीपाळीने हा दिवा बाबांच्या नावाने लावत होत्या.

“वनस्पती तुपाचा आहे, ताई,” मावशी म्हणाल्या. “तुमच्या बाबूजींना चालते ना जी?”

मी चालतं म्हटलं. मग स्वेटरची बाही तोंडावर धरली आणि खूप वेळ काढली नाही.