अंगणातला पहिला नंबर

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे घोडीला केळं दिलं. मी सोललं, यमुनेनं भरवलं. संध्याकाळचे पाच वाजले होते. यात विशेष काही नाही, अठरा वर्षं रोज पाचला हेच चालू होतं. त्या रात्री यमुना झोपली ती उठलीच नाही. घोडी मात्र आहे. (वय बघता आधी घोडीचा नंबर होता.)

आता लोक भेटायला येतात, काय बोलावं कळत नाही, मग विचारतात, "आबा, तुम्हाला शर्यतीचं वेड कसं लागलं?" तर तेच सांगतो.

मी सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो होतो बैल घ्यायला. सोबत धुळ्याचा मेहुणा, भिका. तिथं वाळूत एक घोडी पळताना पाहिली आणि माझं तोंड उघडं राहिलं. धूळ आत गेली तरी मिटलं नाही. बैल राहिला, घोडी घरी आली.

यमुना धुळ्याकडची. पन्नास वर्षं जळगावच्या बाजूला काढली, पण बोलणं माहेरचंच. दारात उभी राहून म्हणाली, "तुम्ही बैल लेवाले गयथात ना?"

"हो."

"मंग हाई काय शे?"

"घोडी."

"हाई नांगर वढी का?"

"शर्यत जिंकेल."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी घोडीशी बोलायला लागली. तिचं नाव ठेवलं चिमणी. (चिमणी दारातून वाकून जायची, एवढी उंच.) व्यापाऱ्यानं नाकारलेली केळी घरात पडलेली असायची. रोज पाचला यमुना अंगणात उभी राहून हातातल्या बांगड्या वाजवायची आणि चिमणी शेतातून कुंपण मोडून पळत यायची. ते पळणं बघून मला वाटायचं, काय तयार केली मी घोडी!

पुढं भिका आला. यमुनेच्या हातून केळं खाणाऱ्या घोडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "दाजी, हाई घोडी शे का शेळी?"

चार माणसं बसलेली. मी मिशीला पीळ दिला आणि म्हणालो, "यंदाच्या यात्रेत चिमणी पहिली आली नाही, तर हातात बांगड्या भरीन."

यमुना पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "बांगड्यास्ना काय गुन्हा? मी रोज भरस. माले काय व्हयनं?"

चौघांनी चहाचे कप तोंडाला लावले. मीही.

यात्रा शेजारच्या गावात, दोन कोसांवर. शर्यतीच्या दिवशी यमुना नवं पातळ नेसून तयार. मी म्हणालो, "बायकांचं काय काम तिथं?"

"बरं. मंग पाच वाजता केळं?"

"एक दिवस केळं नाही खाल्लं तर मरत नाही ती."

टांग्यांची शर्यत होती तीनला. पाहुणे आले चारला. मग फेटे, नारळ आणि भाषण. पाहुण्यांनी घोड्यांचा इतिहास सांगितला. घोडे पेंगले. शेवटी निशाण पडलं तेव्हा बरोबर पाच वाजले होते.

आठ टांगे. चिमणी अशी सुटली की बाकीच्या सातांना तिची शेपूटही दिसली नसेल. लोक ओरडत होते, मी टांग्यात बसून मिशीवर हात फिरवत होतो. पुढं एक बाभूळ. शर्यत सरळ, आमच्या गावचा रस्ता डावीकडे. चिमणीनं जराही विचार केला नाही. वळली डावीकडे!

मी लगाम ओढला. लगाम माझ्याकडे आला, घोडी आली नाही. रसवाल्याची छत्री टांग्यावर आली. मग आम्ही शेजारच्या सुपडूच्या केळीबागेत शिरलो. तो पाणी भरत होता.

"आबा, शर्यत कुठं आहे?" सुपडूनं विचारलं.

"मागं राहिली!"

टांग्याचं निखळलेलं एक चाक त्यानं बागेत ठेवून घेतलं. उरलेल्या चाकावर, डोक्यावर केळीची पानं घेऊन मी घरी पोहोचलो. यमुना अंगणात उभी होती. हातात केळं.

पाठोपाठ भिका मोटरसायकलवर आला. यात्रेतून डझनभर हिरव्या बांगड्या घेऊन. निम्मं गाव त्याच्या मागं. "दाजी, हात पुढे करा."

मी हात पुढे केला. बोललो होतो ना.

"थांब," यमुना म्हणाली. "पहिलं कोन उनं?" कोण आलं पहिलं, हा तिचा सवाल.

"कोठे?"

"आठे. अंगणमा." तिनं पायाखालची जमीन दाखवली.

"आठे तं चिमणीच उनी, अक्का, पन..."

"दुसरं कोनी उनं का?"

भिकानं मागं वळून रस्त्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं.

"मंग पहिला नंबर चिमणीना. बाकीना बठ्ठा मांगे राही ग्यात." आणि त्याच्या हातातल्या बांगड्या काढून घेतल्या. "ह्या माले राहू दे. शर्यतले भरसू."

वेड लागलं ते असं, आणि मला नाही, तिला. पुढच्या वर्षी त्या हिरव्या बांगड्या भरून ती शेवटच्या रेघेवर केळं घेऊन उभी राहिली. चिमणी खरोखर पहिली आली. लोकांनी फेटा मला बांधला. केळं कोणी पाहिलं नाही.

यमुनेला पोहोचवून आलो त्या दिवशी पाचला मी केळं सोललं आणि चिमणीसमोर धरलं. तिनं तोंड फिरवलं. पाणीही नाही. बावीस वर्षांची घोडी, दात गेलेले.

सुपडू म्हणाला, "मुका जीव आहे, आबा. खाईल दोन दिवसांनी."

दोन दिवस ती काढणार नाही, हे त्यालाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यमुनेची पेटी उघडली. शर्यतीच्या बांगड्या कागदात बांधलेल्या होत्या. मुठीत धरून वाजवल्या. खडखड झाली नुसती, चिमणीनं कानही हलवला नाही. मग साबण घेतला. दोन फुटल्या, चार चढल्या. अंगणात उभा राहिलो आणि हात हलवला.

चिमणीचे कान उभे राहिले. आली. पळत नाही, चालत, पण आली आणि माझ्या हातातलं केळं खाल्लं.

सुपडू दुधाची बरणी घेऊन कुंपणाशी उभा. "आबा, हे काय?"

"शर्यत हरलो होतो."

"कधी?"

"झाली सतरा-अठरा वर्षं."

बांगड्या चढल्या, उतरत मात्र नाहीत. म्हणून त्या सकाळी पूर्ण बाह्यांचा सदरा घातला, आणि भेटायला आलेल्यांना हात जोडले नाहीत, वाजतात म्हणून. नुसती मान हलवली. लोक जाताना म्हणाले, म्हातारा फार खचला.