पर्चे वाटायला माणूस पाहिजे

लोकांचे सोफे धुवायला लागल्यापासून एक गोष्ट कळली. सोफ्याच्या फटीत हात घातला की काही ना काही निघतंच. पेन्सिल, शेंगदाणे, केसांच्या पिना, एकदा तर अर्धी खाल्लेली पोळी! मुद्दाम कोणी ठेवत नाही, आपोआप जमत जातं. पर्चे वाटणाऱ्यांचे किस्से माझ्याकडे असेच जमलेत. शेजारणी पोट धरून हसतात, म्हणतात, "और सुनाओ भाभी!" तुम्हीही हसा. माझ्या मात्र सांगतासांगताच डोक्यात तिडीक जाते.

आधी घरचं सांगते, म्हणजे तिडीक काहून ते कळेल. नर्मदाकाठच्या या हिंदी मुलखात, चेरीतालला आमच्या दोन खोल्या. परीचे पप्पा सोफे, गाद्या, पाण्याच्या टाक्या धुतात. मशीन आहे, यांचा हात चांगला आहे, फक्त गिऱ्हाईक नाही. यांच्या मामांनी सुरतेहून निरोप धाडला, "दिवाळीपर्यंत पाहा. नाही जमलं तर इकडे ये, मिलमध्ये लावून देतो."

म्हणजे हे सुरतला, आणि मी अन् परी इथे. परी अजून धड बोलतही नाही. ती नुसती शिंकली तरी मी यांना हाक मारते, मी एकटीने काय करायचं होतं? म्हणून ठरवलं, जाहिरातीचे पर्चे छापायचे आणि घरोघरी वाटायचे.

छापणं सोपं निघालं!

*

पहिला आला विकी. यांच्या मित्राचा भाचा, कॉलेजात शिकणारा, केसांना जेल, कानात गाणी. मी सातवी शिकलेली. मला त्याने आल्याआल्या विचारलं, "दीदी, अपना टार्गेट कौन है?"

म्हटलं, "ज्याच्या घरी सोफा असेल तो."

"समझ गया. यूथ!" म्हणाला, आणि गठ्ठा घेऊन गेला.

संध्याकाळी रिकाम्या हाताने परत! सगळे वाटले! मी परीला कडेवर घेऊन खोलीभर नाचले.

दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. "हॅलो, सोफा तो नहीं है, आप बात करो ना!" मी ठेवला. दुसरा. "मैडम, दिल साफ करवाना है, कितना लगेगा?" मागून दहा पोरांचं खिदळणं. पर्च्यावर नंबर माझा होता. त्या दिवसापासून फोन वाजला की मी तो उशीखाली सरकवायचे.

या शहाण्याने सगळे पर्चे पोरांच्या होस्टेलमध्ये वाटले होते!

बोलावला त्याला. "काहून रे, होस्टेलच्या पोरांकडे सोफे असतात?"

"आज नहीं हैं दीदी. शादी होगी तो सोफा आएगा ना! फ्यूचर कस्टमर हैं सब!"

"तोपर्यंत माझ्या परीचं लग्न होईल, नालायका!"

पुढच्या पर्च्यांवर नंबर यांचा टाकला.

*

मग मी शहाणी झाले. पुढचा आला संतोष, त्याला सांगितलं, "प्रत्येक गेटवर पर्चा अडकवायचा आणि फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवायचा. फोटो नाही तर काम नाही."

"हओ दीदी."

फोटो येऊन राहिले, टिंग टिंग टिंग! राइट टाउनच्या बंगल्यांचे एकाहून एक गेट. काळं गेट, हिरवं गेट, सिंहाची तोंडं लावलेलं गेट. प्रत्येकावर पर्चा कसा नीट खोचलेला. मी यांना एकेक दाखवत सुटले, "पाहा, याला म्हणतात काम!"

यांनी फोन हातात घेतला, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "परीने आज पर्च्यावर रेघोट्या ओढल्या होत्या का?"

ओढल्या होत्या. लाल खडूने. गठ्ठ्याबाहेरच्या एका सुट्या पर्च्यावर, आणि त्याचा कोपराही चावला होता. काळ्या गेटवर लाल रेघोटी, कोपरा चावलेला. हिरव्या गेटवर लाल रेघोटी, कोपरा चावलेला. सिंहाच्या तोंडातही तोच!

संध्याकाळी संतोष आला. गठ्ठा जसाच्या तसा, दोरीसुद्धा न सोडलेली. माझ्यासमोर अलगद ठेवला, जणू दागिने परत करतोय.

"देख लो दीदी, सारे गेट हो गए, और एक भी पर्चा खर्च नहीं किया!"

*

एकदा रागारागात मीच निघाले. परी कडेवर, पिशवी खांद्यावर. चौकीदाराच्या हातापाया पडून एका बिल्डिंगमध्ये शिरले. तिसऱ्या मजल्यावर एका मॅडमनी दार उघडलं. पर्चा घेतला, पाठपोट वाचला. मला वाटलं, आता बोहनी होते!

"बर्तन भी करती हो?"

"नाही जी, फक्त सोफे. तुमच्या सोफ्याचे डाग तर इथूनच दिसून राहिले."

दार आपटलं. परी दचकून रडली, ती पार चेरीतालपर्यंत रडली.

*

गोपाल भैया मात्र सरळ माणूस. खाली मान, हळू आवाज. मला वाटलं, आता देव पावला. त्यांना मी हात जोडून सांगितलं, "भैया, सगळीकडे फेकत नका जाऊ. ज्यांना गरज आहे त्यांनाच द्या."

"हओ."

सकाळी गेलेले संध्याकाळी आले. अर्धे पर्चे शिल्लक. म्हणाले, "उतने ही घर निकले, दीदी."

मला काही समजलं नाही. समजलं दुसऱ्या दिवशी, दारात स्कूटी येऊन थांबली तेव्हा.

"वो सफाईवाली तुम हो? तुमने हमारे घर को गंदा बोला?"

मी काय म्हणते, मी तुमचं घर पाहिलंही नाही! पण त्यांच्या मागे दुसरी स्कूटी, तिच्या मागे तिसरी. परी माझ्या पायाला चिकटून बसली. हळूहळू उलगडा झाला. गोपाल भैया दर गेटवरून आत डोकावत होते. जळमटं दिसली, धूळ दिसली की बेल मारायची आणि सांगायचं, "दीदी ने बोला है, गंदे घरों में देना." एका काकांनी हौसेने मागितला तर त्यांना म्हणाले, "आपको नहीं मिलेगा, बाबूजी. आपका साफ है."

मी माफी मागून मागून थकले. दोघी गेल्या, तिसरी तिथेच उभी. म्हटलं, आता आणखी काय?

जवळ येऊन हळूच म्हणाली, "हमको दिया, ठीक है. पर सामनेवाली को कैसे नहीं दिया? उसका किचन देखा है?"

*

हा पुढचा किस्सा सांगताना मला हसू येत नाही, आधीच सांगते.

हळदीकुंकवाला आमच्या ओळखीच्या कुसुमकाकू भेटतात. शाळेतून रिटायर, स्वभावाने मोकळ्या. म्हणाल्या, "अगं, परक्यांच्या हातात कशाला देतेस? मला दे. इथली सगळी मराठी घरं मला तोंडपाठ आहेत. आपली माणसं नाही करणार तर कोण करणार?"

काकूंनी पर्चे वाटले. अगदी सगळे वाटले, खोटं कशाला बोलू!

तिसऱ्या दिवशी एक बाई आल्या. मी घाईघाईने खुर्ची पुसली, यांना आतून बोलावलं. बाईंनी पिशवीतून दोन फ्रॉक काढले. "आमच्या नातीचे आहेत, फाटलेले नाहीत. काकूंकडून कळलं हो. फार वाईट वाटलं."

"आणि सोफा?"

"नाही गं, सोफ्याला आमची बाई आहे."

मग चिवड्याचा डबा आला. मग स्वेटर. मग मच्छरदाणी. काकूंनी दर घरी चहा घेतला होता आणि दर घरी सांगितलं होतं, "बिचारीचा नवरा चाललाय सुरतला, पदरात लहान लेकरू, बघा काही मदत जमली तर." पर्चा खाली ठेवून! त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय ना आम्ही काय करतो ते!

मला मदत नको होती हो. काम पाहिजे होतं. यांच्यासमोर ती मच्छरदाणी घडी करताना मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. हे त्या रविवारी मामांना फोन लावून म्हणाले, "काढून टाका तिकीट."

आणि सोमवारी दारात लोडिंग ऑटो आला. त्यात जुना सोफा. डाग, कुत्र्याचे केस, एक पाय मोडलेला.

ऑटोवाला म्हणाला, "राइट टाउन से मैडम ने भेजा है. बोलीं, आप लोग तो धोना जानते हैं, धोकर बैठ जाइए."

*

आता शेवटचा. हल्के भैयांचा.

तिकीट आलेलं, गाडी दुसऱ्या दिवशीची. मी हट्टाला पेटले, एकदा शेवटचं छापायचंच. प्रेसवाला म्हणाला, "भाभी, दिवाली है, ऊपर लक्ष्मी जी की फोटो डाल देते हैं, कोई फेंकेगा नहीं." मला पटलं. गुळगुळीत कागद, कमळात बसलेली लक्ष्मी, खाली आमचं काम, यांचा नंबर. दोन गठ्ठे झाले. एक सकाळीच हल्के भैयांना दिला. चाळिशीचा माणूस, कपाळाला गंध, बोलण्याआधी "नर्मदे हर". दुसरा गठ्ठा कोपऱ्यात, उद्यासाठी.

संध्याकाळी हे बॅग भरत होते. मी पोळ्या लाटत होते, पण लाटणं कुठे आणि लक्ष कुठे. हल्के भैया आले, केस ओले, हातात नारळाचे तुकडे.

"प्रसाद लो, दीदी."

"कसला प्रसाद? पर्चे वाटले?"

"बाँटे थे. फिर वापस ले लिए."

"वापस?"

"लोग गेट के नीचे डाल रहे थे, दीदी. एक ने तो उस पर जूता रख दिया. लक्ष्मी जी पर पाँव! हमसे देखा नहीं गया. जिनको दिए थे, उनसे भी माँग लाए."

"मग आहेत कुठे?"

"तिलवारा घाट जाकर मैया में सिरा दिए. नारियल भी फोड़ा."

म्हणजे नर्मदेत विसर्जन! अगरबत्ती लावून! माझ्या हातातलं लाटणं मी परातीत आपटलं.

"अहो भैया, वाटायची कॉलनी इथून दोन गल्ल्या! तिथे जमलं नाही आणि दोन ऑटो बदलून तिलवाऱ्याला जमलं? उद्या हा माणूस चालला माझा! कळतं का तुम्हाला? या पोरीला घेऊन मी कोणाच्या दारात उभी राहू? तुमच्या लक्ष्मीने तरी ते पाहायला नको होतं का?"

"चिल्लाओ मत दीदी, प्रसाद हाथ में है."

"खड्ड्यात गेला तुमचा प्रसाद!"

परीने तोवर पुढे होऊन तुकडा तोंडात घातला होता. आणि यांचा फोन वाजला. यांच्या फोनचा आवाज बिघडलाय, सगळं स्पीकरवरच ऐकावं लागतं.

"नर्मदे हर! गद्दे धोनेवाले बोल रहे हैं?"

हे म्हणाले, "हाँ जी, बोलिए."

"लम्हेटाघाट से बोल रहे हैं, धर्मशाला से. महाराज जी शाम का स्नान कर रहे थे, आपका पर्चा बहता हुआ आया और सीधा छाती से चिपक गया. ऊपर लक्ष्मी जी! महाराज जी बोले, मैया ने खुद भेजा है, अब इन्हीं से कराना है."

मी मध्येच ओरडले, "मैयाने नाही हो, या मेल्याने पाठवला!" यांनी हाताने मला गप्प केलं.

"क्या करवाना है जी?"

"अरे भैया, दिवाली के बाद नर्मदा परकम्मावाले यात्री आने लगेंगे. सारे कमरों के गद्दे, दरियाँ, ऊपर की टंकियाँ, सब. और सुनो, बगलवाली धर्मशाला के पुजारी जी को भी एक मिला है. वो भी पूछ रहे हैं. कल से लग जाओगे?"

यांनी बॅगेकडे पाहिलं. अर्धी भरलेली, वरती परीच्या वासाचा, माझ्या जुन्या साडीचा तुकडा घडी करून ठेवलेला. मग माझ्याकडे पाहिलं.

"कल कितने बजे आ जाएँ?"

मी तशीच उभी, हात पिठाचे. तोंडात शिव्या तयार होत्या, त्या कुठे टाकाव्या ते कळेना.

हल्के भैयांनी उरलेला नारळ परीच्या मुठीत दिला, हात पंचाला पुसले आणि कोपऱ्यातल्या दुसऱ्या गठ्ठ्याकडे बोट केलं.

"दीदी, ये वाला भी सिरा आएँ?"