शेकलेलं रक्त

दुसरी मोठी लढाई संपता संपता कर्जतच्या आमच्या डॉक्टरांनी दुखऱ्या सांध्यांसाठी एक यंत्र आणलं. विजेच्या लहरींनी शेक देणारं. दोन गाद्यांच्या मध्ये गुडघा ठेवायचा आणि बटण फिरवायचं. माझ्या सासूबाई खालापूरहून त्यासाठी येत. जाळ नाय, धूर नाय, पण हाडापर्यंत ऊब जाते, असं घरी परतल्यावर शेजारणींना सांगत.

त्याच दवाखान्यात माझी नणंद बाळंत झाली. मूल ठणठणीत होतं, पण तिच्या अंगावरून इतकं गेलं की ती पांढरीफटक पडली. रक्त चढवल्याशिवाय ती वाचणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. माझ्या नवऱ्याने मुंबईला जाऊन रक्ताची बाटली बर्फात घालून आणली आणि तो लगेच औषधं आणायला गेला. डॉक्टर माडीवर जेवत होते. कंपाउंडर त्यांना बोलवायला गेला. मी मागच्या दारी दुपटी धूत होते. बाटलीपाशी सासूबाई एकट्या राहिल्या.

बाळंतिणीला आमच्यात गार काही देत नाहीत. पाणी उकळलेलं, अंथरूण शेकलेलं, बाजेखाली शेगडी. आणि इथे बर्फातलं रक्त थेट अंगात जाणार होतं. सासूबाईंनी बाटली पदराने पुसली, गुडघा ठेवायच्या जागी उभी केली आणि कंपाउंडर फिरवायचा तसं बटण फिरवलं.

डॉक्टर खाली आले तेव्हा बाटली हातात धरवत नव्हती. त्यांनी थोडं रक्त नळीत काढून गरगर फिरवलं. चांगलं रक्त असलं तर तांबडं खाली बसतं आणि वर पिवळसर पाणी राहतं. या नळीतलं वरचं पाणी कोकमाच्या सरबतासारखं लाल होतं. रक्तातल्या तांबड्या पेशींना बारीक कातडी असते, ती उष्णतेने फाटली आणि आतला रंग बाहेर सुटला, असं ते म्हणाले. हे दिलं तर पोरीची मूत्रपिंडं बंद पडतील. त्यांनी बाटली मोरीत रिकामी केली.

सासूबाई त्या लाल पाण्याकडे बघत उभ्या होत्या.

"मी शेकलं," त्या म्हणाल्या. "गार कसं द्यायचं, म्हणून."

डॉक्टर रागावले नाहीत. रागवायला वेळच नव्हता. घरच्या माणसांपैकी कुणाचं रक्त जुळतं ते बघायचं ठरलं. सासूबाईंनी हात आधी पुढे केला.

"माझं घ्या. सगळं काढलंत तरी चालंल."

त्यांचं जुळलं नाही. माझं जुळलं.

मी शेजारच्या खाटेवर पडून होते आणि सासूबाई दाराबाहेर पायरीवर बसल्या होत्या. नणंदेच्या ओठांना रंग आला, तरी त्या आत आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. माझ्यासाठी दूध आणलं ते कंपाउंडरच्या हाती दिलं. घरून शेगडी आणली होती, ती पेटवायलाही तयार नव्हत्या. माझा हात नको लागायला, एवढंच बोलल्या. त्यांची समजूत काढणं मला जमण्यासारखं नव्हतं. शेगडी मी पेटवली. पण मलाच उभं राहिलं की भोवळ येत होती, म्हणून शेवटी सासूबाईंना सांगितलं, की आत्याबाई, मला हे झेपत नाही, तुम्ही या.

त्या आल्या, पण खाटेपासून लांब, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. नणंदेला कुणी काही सांगितलं नव्हतं. आई अशी परक्यासारखी का उभी, असं तिने विचारलं. सासूबाईंनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, गाद्या, बटण, मोरीतलं लाल पाणी, सगळं.

नणंदेने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझे पाय गार पडलेत गं. तिथं काय उभी ऱ्हायलीस?"

सासूबाईंनी फडकं शेगडीवर धरलं. आधी स्वतःच्या मनगटाला लावलं, मग गालाला, मग पुन्हा मनगटाला. एरवी त्या फडकं सरळ अंगावर ठेवत, आणि आम्ही ओरडलो तर हसत. त्या दिवशी ते हातात धरून त्या इतका वेळ बसल्या, की नणंदेच्या पायांना लागेपर्यंत ते पार निवलं होतं. तिने पाय मागे घेतले नाहीत.