पोळ्यात सजलेली सायकल

माझं लग्न झालं तेव्हा सासरी बैल नव्हते, एक सायकल होती. पहिल्याच पोळ्याला सगळी गोंडवस्ती बैल सजवत होती, मग मी शहाणी मागं कशी राहणार? हँडलला शिंगांसारखा रंग दिला, बेगड चिकटवली, चाकापुढं पुरणपोळी ठेवली. इथवर ठीक होतं. पण जे पुजलं त्यावर टांग टाकून बसायचं नाही, असंही मीच ठरवलं.

नवरा म्हणाला, "मी त रोज बसतो."

"बसा. पाप तुमचं."

तो शिकवायला तयार होता, मी नाही शिकले. ती सायकल मोडीत जाईपर्यंत बारा वर्षं समुद्रपूरच्या बाजारात हाती धरून नेली. गाठोडं कॅरियरवर, मी बाजूनं पायी. लोक हसायचे. मला वाटायचं, माझं लुगडं आवडलं असेल.

यंदा समुद्रपूरच्या काही मंडळींनी वस्तीवरून जाणारी रविवारची सायकलफेरी काढली आणि आमच्या वस्तीतल्या पोरापोरींनाही बोलावलं. माझ्या नातीला जायचंच होतं. पण तिच्या बापाची, म्हणजे माझ्या पोराची, अट होती: वस्तीतली आणखी एक तरी पोरगी सोबत हवी. आणि एकही तयार होईना. शहरातल्या चकचकीत सायकलींपुढं त्यांना आपल्या खडखड्या सायकलींची लाज वाटायची.

शनिवारी नात ओट्यावर बसलेली.

"काऊन तोंड पाडून बसली व?"

"कोणीच येऊन नाई राह्यलं, आजी."

"मी येतो न!"

"तुले चालवता येते?"

"बारा वर्षं तिच्यासंग चाललो, ओळख हाय आमची."

आजी सायकल चालवणार म्हणताच चावडीपुढं सगळ्या पोरी गोळा झाल्या. मी नातीच्या सायकलवर बसले, हापशीपर्यंत गेले आणि तिथून थेट पऱ्हाटीत.

"आजी, ब्रेक मारा लागते!" पोरी हसून हसून लोटपोट.

अंगावरचा कापूस झटकत मी म्हटलं, "मले काय शिकवता? येते त चालवून दाखवा!"

एक पोरगी तावातावानं आपली सायकल घेऊन आली. मग दुसरी. मग चढाओढच लागली. माझा पोरगा दारातून बघत होता, तो हवेचा पंप घेऊन आला.

रविवारी सकाळी पाच पोरी निघाल्या. नातीनं पोळ्याची उरलेली बेगड मागून घेतली आणि पाचही हँडलांना चिकटवली. सायकली उन्हात अशा चमकत होत्या की शहरातली मंडळी थांबून बघायला लागली. नात सगळ्यांत पुढं होती.

सोललेल्या गुडघ्याला हळद लावून मी रस्त्यावर उभी होते. सवयीनं हात जोडले जात होते. मग म्हटलं, पुरे झाली पूजा, आणि ओरडले, "हाणा व पायडल!"